एक्स्पोर्टचा निळा

युसूफ, ही काय जायची वेळ झाली का रे?

रविवारी तू येणार होतास. शुक्रवारी गेटवर सायकलच्या पायडलवर एक पाय ठेवून मला सांगितलंस, "वहिनींना पोहे करायला सांग, राव. कांदा जास्ती." मी शनिवारी दुपारीच गॅलरीत जुने पेपर अंथरले, उडू नयेत म्हणून कडेला विटांचे तुकडे ठेवले, गिटारच्या तारा काढून गुंडाळून ठेवल्या. तू शनिवारी फर्स्ट शिफ्ट करून घरी गेलास, हातपाय धुऊन जेवायला बसलास आणि ताटावरच कलंडलास. रविवारी पोह्यांच्या वेळेला मी चिखलीत तुझ्या कबरीवर मूठभर माती टाकत होतो. थेरगावला परत आलो तर गॅलरीत पेपर तसेच. बायको उचलायला गेली, तिच्यावर उगाच ओरडलो. पेपर अजून तिथेच आहेत आणि मी तुझ्यावर चिडलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो. बाकी सगळे तुझ्याबद्दल गोड बोलतायत. माझ्याकडून तेवढं होणार नाही.

बाहेरच्या माणसाला आपलं भांडण सांगितलं तर तो हसेल. पोराबाळांची दोन माणसं, एकाच गाड्यांच्या कंपनीत, एक इन्स्पेक्शनमध्ये, एक पेंट शॉपमध्ये, आणि सहा-सात वर्षं भांडतायत कशावरून, तर एका जुन्या इलेक्ट्रिक गिटारला दिलेल्या रंगावरून. रंग तू दिलास. मला तो नको होता. परवा-परवा, मोठ्या मुश्किलीने, तू कबूल झालास की काढून टाकू. "माजा रंग मीच काडीन. दुसऱ्या कुनी हात लावला तर लाकडाचं वाटोळं करंल," हे तुझे शब्द. कॅम्पातला वाद्यं दुरुस्त करणारा माणूस मला कधीचा म्हणतोय, द्या माझ्याकडे, खरवडून पहिल्यासारखी करून देतो. त्याला मी तुझ्यासाठी थांबवून ठेवलं. आता त्याला काय सांगू? आणि तुला कुठून आणू?

फ्रान्सिस अंकलना तू कधी पाहिलं नव्हतंस, तरी त्यांची नक्कल माझ्यापेक्षा चांगली करायचास. मी चिपळूणहून अप्रेंटिस म्हणून आलो तेव्हा ते खडकीच्या एका हॉटेलातल्या बॅंडमध्ये वाजवायचे. आठवड्याच्या सुट्टीला मी सायकल मारत त्यांच्याकडे शिकायला जायचो. ही गिटार त्यांचीच, बासष्ट सालची, विलायती, बोटीवर काम करणाऱ्या कुणा नातेवाइकाने त्यांना आणून दिलेली. मधोमध मधासारखी पिवळी आणि कडेकडेला काळपट तपकिरी होत गेलेली. तिचे टवके उडाले होते, रंगाला केसासारख्या भेगा गेल्या होत्या आणि उजवा हात जिथे टेकतो तिथला रंग अंकलच्या हाताने घासून पार गेला होता. तळहाताएवढं उघडं लाकूड, गुळगुळीत. पहिल्या दिवशी त्यांनी माझा हात धरून तिथे ठेवला. "हाथ इधर रखने का. बाकी सब अपने आप आयेगा." आपोआप काही आलं नाही, बोटांची सालं निघाली, पण हात मात्र तिथे बसला तो बसलाच. डोळे मिटूनही जागा सापडायची. पुढे अंकल कायमचे गोव्याला मुलीकडे गेले, तेव्हा गिटार मला देऊन रिकाम्या हाताने गाडीत चढले. खिडकीतून माझ्याकडे न बघता तिच्याकडेच बघत होते.

आपली ओळख कॅन्टीनमधली. तू ताट उलटं करून वाजवत होतास आणि मी, माझा स्वभावच तो, तुला सांगायला आलो की तिसरी मात्रा लवकर पडतेय. तू मान वर न करता म्हणालास, "इन्स्पेक्शनचा दिसतोय." टेबलावरचे सगळे हसले. त्याच आठवड्यात तू मला चिंचवड स्टेशनजवळच्या गिरणीमागच्या खोलीत घेऊन गेलास, जिथे तू आणि अजून चारजण ऑर्केस्ट्राची तालीम करायचात. तुझ्या कोंगोवर पिठाची धूळ बसलेली असायची आणि तू पहिली थाप मारलीस की ती उडून गाणाऱ्याच्या घशात जायची. तिसरी मात्रा तुझी शेवटपर्यंत लवकरच पडली. मी तुझ्याप्रमाणे वाजवायला शिकलो, हे तुला कधी बोललो नाही, कारण बोललो असतो तर तू ते सगळ्या पिंपरीला सांगितलं असतंस.

आणि भोसरीचा कार्यक्रम. पुढे हजारभर माणूस बसलेला, आणि मुखडा संपता संपता माझी गिटार मुकी झाली. आत कुठली तरी वायर सुटली होती. तू कोंगो सोडून आलास, माझ्या गळ्यातून पट्टा काढलास, स्पीकरच्या खोक्यावर तिला उताणी घातलीस, माइकवाल्याची सोल्डरिंगची इस्त्री मागून घेतलीस आणि गाणारा दुसरं कडवं ओढत होता तेवढ्यात टाका मारून परत माझ्या गळ्यात घातलीस. तेव्हापासून तिला उघडायचं ते तूच. मला मेला स्क्रू पिळायचाही धीर व्हायचा नाही. तुझे हात तेलकट, रंगाने माखलेले, नखांत प्रायमर, पण तिच्या पोटात शिरले की काही मोडायचं नाही. त्या दिवसाबद्दल मी तुझे आभार मानले होते की नाही, हे आठवत नाही. मानले नसावेत. आपल्यात ती पद्धत नव्हती.

भांडण मात्र पहिल्यापासून होतं. तुला जुनं काहीच आवडायचं नाही. तालमीला आलास की गिटारकडे बघून म्हणायचास, "ह्या म्हातारीला पेन्शन दे आता." मी तुला समजवायचो की जुनं लाकूड वाळलेलं असतं, वीस वर्षं त्याच्यात सूर मुरलेला असतो, लोणच्यासारखा. "मंग लोनचंच वाजीव," हे तुझं उत्तर. मी म्हणायचो, कलकत्त्याहून नवीन गिटारी येतात त्या ऐक, नुसत्या टणटण करतात. तू म्हणायचास, टणटण तर टणटण, सुरात तरी राहत्यात, तुझी म्हातारी दर दोन गाण्यांनी कान पिळायला लावते. हे खरंच होतं. थंडीत तर ती निम्मा वेळ माझं ऐकायची नाही. पण लागली की जी लागायची, ते तूही ऐकत होतास. ऐकताना तुझी मान हलायची. मी ती मान बघितलेली आहे, युसूफ, तेव्हा खोटं बोलायचं काम नव्हतं.

एकदाच तू सरळ बोललास. तुझ्या घरी ईदला आलो होतो. खाली सारवलेली जमीन, आढ्याला काळ्या पडलेल्या तुळया, दारात तुझ्या आज्याची मोडकी बैलगाडी. मी त्या गाडीच्या चाकावर हात फिरवून म्हटलं, काय काम आहे बघ. तू शिरखुर्म्याची वाटी माझ्या हातात दिलीस आणि म्हणालास, "तू नव्या कॉलनीत ऱ्हातो, म्हनून तुला जुन्याचं कौतुक. आमी जन्मल्यापास्नं जुन्यातच हाय. मला सकाळी लायनीवर नवी गाडी बघितली की जीव गार व्हतो." मी वाटी रिकामी केली, तू परत भरलीस.

तुझ्या हाताला यश होतं, हे वैरीही म्हणेल. कुणा साहेबाची जुनी स्कूटर रंगायला आली की तू ती अशी करून द्यायचास की साहेब दोनदा नंबर बघायचे. एक सवय मला तेव्हा कळली नव्हती. सगळी गाडी घासून पुट्टी-प्रायमर करायचास, पण सीटखाली, जिथे कुणाची नजर जाणार नाही, तिथे वीतभर जागा टेप लावून झाकून ठेवायचास आणि मूळ रंगावरच सोडून द्यायचास. कुणी विचारलं तर म्हणायचास, "वळख ठिवावी लागती." मला वाटलं, पेंट शॉपमध्ये काही नियम असेल.

आता ती खंडेनवमी. तुझ्या डोळ्यांत अजून पाणी आलं असतं नाव काढल्यावर, आणि माझ्या डोक्यात अजून तिडीक जाते. कंपनीत खंडेनवमीला सगळी यंत्रं धुवायची, पुसायची, रंगवायची, झेंडूच्या माळा घालायच्या आणि घरच्या माणसांना बोलवायचं. त्या वर्षी आपला ऑर्केस्ट्राही डिपार्टमेंटमध्येच ठेवला होता. आदल्या संध्याकाळी आपण तिथे तालीम केली आणि दुसऱ्या दिवशी परत आणायला नको म्हणून मी गिटार सुपरवायझरच्या कपाटात ठेवून घरी गेलो. तू ओव्हरटाइमला थांबलास. दर वर्षी पूजेआधी सगळ्या मशिनींना हिरवा रंग मारायचं काम तुझंच असायचं, आणि कुठलं मशीन बिनरंगाचं पूजेला बसलेलं तुला खपायचं नाही.

सकाळी बायकोला आणि मुलीला घेऊन आलो. उदबत्त्यांचा आणि थिनरचा वास एकत्र येत होता. टेबलावर पांढरं कापड, त्याच्यावर माझी गेजेस, मायक्रोमीटर, फिटर लोकांचे पाने आणि हातोडे, सगळ्यांना हळदकुंकू, आणि मधोमध एक निळी चकचकीत गिटार, गळ्यात झेंडूची माळ.

"कुणाची आहे ही?" मी विचारलं. खरंच विचारलं, मला ओळखूच आली नाही.

"आरं, तुजीच की." तू नवा सदरा घातला होतास. "समद्या हत्यारांना रंग लागला. तुजंच हत्यार भिकाऱ्यावानी ठिवायचं व्हय? मशिनीचा हिरवा न्हाई मारला, राव. एक्स्पोर्टच्या गाड्यांचा निळा मारलाय. सायबाला इचारून. खड्डे भरले, घासून घेतली, तीन हात मारले आन वव्हनच्या तोंडाशी धरून वाळवली. हात तर लावून बघ!"

मी हात लावला. अंकलची जागा नव्हती. टवके नव्हते, भेगा नव्हत्या, काचेसारखा गार गार निळा. उलटी करून पाहिली तर ओव्हनच्या धगीने मागचा सांधा केसभर उघडला होता. "लाकूड आहे ते! पत्रा नाही!" असं मी ओरडलो आणि पूजेला आलेली सगळी बायकापोरं माझ्याकडे बघायला लागली. तुझा चेहरा मला अजून दिसतो. एखाद्याच्या घरी आपण मोठ्या हौसेने काही घेऊन जावं आणि त्याने दारातूनच परत करावं, तसा. त्यात माझी मुलगी म्हणाली, "बाबा, किती छान झाली!" तिला मी गप्प केलं. मग कार्यक्रम झाला, करावाच लागला. दोन तास माझा हात त्या निळ्यावरून घसरत होता आणि ती जागा शोधत होता. खाली उतरलो तर जो तो विचारतोय, "नवीन घेतली का राव?"

दुसऱ्या आठवड्यात तू सांधा भरून दिलास. नीट भरलास, परत कधी उघडला नाही. पण मी विचारलं, "मूळ रंग कुठे गेला, सांग." तू म्हणालास, "कुटं जातोय? हाय तितंच हाय." मी म्हटलं, "घासलास ना?" "घासला." "मग?" "तरी हाय." मला वाटलं, हा आता माझी थट्टाही करतोय. त्यानंतर जेव्हा जेव्हा विषय निघाला तेव्हा तू हेच बोललास आणि जेव्हा जेव्हा बोललास तेव्हा माझं डोकं फिरलं.

तरी आपण एकत्र वाजवत राहिलो. दुसरा कोंगोवाला मला चालला नसता आणि दुसरा गिटारवाला तुला. आकुर्डीच्या गणपतीत त्या दुसऱ्या ऑर्केस्ट्रातल्या पोरगेल्या गिटारवाल्याकडे कोरी जपानी गिटार होती, आठवतं? तुझे डोळे असे चमकले की मला लाज वाटली. तूच त्याच्याकडून एका गाण्यापुरती मागून आणलीस. वाजवली मी. हलकी, सुरात पक्की, कुठे खरखर नाही, बोटांना त्रास नाही. मी स्टेजवरून उतरलो आणि म्हणालो, चांगली आहे पण गोडी नाही. तू चहाचा ग्लास हलवत म्हणालास, "गोडी लाकडात न्हाई रं. तुला त्या फ्रान्सिसचा घाम पायजे." मी तुला त्या दिवशी काहीबाही बोललो. पण घरी जाताना, बसमध्ये, तेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं आणि मला राग याचा आला की ते खोटं वाटेना. समजा, तसंच असेल. समजा, माझ्यासारख्यांना जुन्या वाद्यात सूर कमी आणि माणूस जास्त ऐकू येतो. म्हणून काय त्याच्यावर तीन हात मारायचे?

शेवटी मी जिंकलो ते तुझ्याच हत्यारावरून. गेल्या महिन्यात पेंट शॉपला नव्या स्प्रे गन आल्या. सगळ्यांनी घेतल्या, तू घेईनास. तुझी ती जुनी, कपाला पोचा आलेली गन सोडायला तयार नाहीस म्हणून फोरमन माझ्याकडे तक्रार घेऊन आला, जसा काही मी तुझा पालक. गेटबाहेरच्या टपरीवर तुला गाठलं. म्हटलं, "काय रे, नव्याचा भक्त तू. नवी गन का नको?"

"हिचा घोडा माज्या बोटाला बसलाय," तू म्हणालास. "नवीन गन ढकलती. ही माजं ऐकती."

"आणि माझा हात कशाला बसला होता?"

तू ग्लास खाली ठेवलास. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा जिंकलो होतो आणि मला वाटलं होतं तेवढा आनंद झाला नाही. मग तू म्हणालास, "काडू. माजा रंग मीच काडीन." आणि लगेच, "आदी थोडे दिवस माज्याकडं दे तिला. बटन खरखरतंय, ती बी बघतो."

परत आणून दिलीस तेव्हा बटण ठीक झालं होतं. मला मात्र खोड काढल्याशिवाय राहवेना. उजव्या हाताशी, कडेला, तुझा निळा पातळ झाला होता, खालचा राखाडी प्रायमर दिसत होता. ते दाखवून म्हटलं, "हा बघ तुझा एक्स्पोर्टचा माल. उडायला लागला." एरवी तू चवताळला असतास, लगेच टच-अप मारतो म्हणाला असतास. त्या दिवशी नुसतं बोट फिरवलंस आणि म्हणालास, "हितं टच-अप न्हाई मारायचा कदी." मी म्हटलं, आता सगळाच काढायचाय तर टच-अप कशाला मारतोस. तू हसलास.

काल चिखलीला गेलो होतो. भाभींसमोर बसलो. त्या उठल्या आणि दारामागची कापडी पिशवी आणून माझ्यासमोर ठेवली. "भाऊ, ही तुमची. रविवारी तुमच्याकडं न्यायची म्हनून त्यांनी दाराशीच ठिवली व्हती." पिशवीत पॉलिश पेपर होते, जाडे खाली, बारीक वर. लाकडाचा ठोकळा. धुतलेल्या चिंध्या. आणि घट्ट झाकणाचा एक छोटा डबा. तुझ्या सवयीप्रमाणे झाकणावर आतल्या रंगाचा ठिपका लावून वाळवला होतास.

मधाचा रंग. फ्रान्सिस अंकलच्या गिटारच्या मधोमध असायचा, तोच.

मी आधी समजलो, आठवणीने मिसळलास. पण मी इन्स्पेक्शनचा माणूस आहे. आठवणीने एवढी शेड जुळत नाही, तुझ्याच्यानेही नाही. कुठे तरी समोर ठेवून बघितल्याशिवाय हे होत नाही. आणि तुझ्यासमोर थोडे दिवस होती फक्त गिटार, ती तर सगळी निळी.

आज सकाळी गॅलरीत त्याच पेपरांवर बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचे स्क्रू काढले. एक स्क्रू निसटून विटांच्या तुकड्यांत गेला. तारांखालची, आतल्या वायरी झाकणारी पांढरी प्लेट उचलली. निळा रंग प्लेटच्या खाली बोटभर आत आला होता आणि तिथे थांबला होता. टेप लावल्यासारखा सरळ. पलीकडे ती. पिवळी, बारीक भेगांसकट, जशीच्या तशी. तू काहीच मारलं नव्हतंस तिथे. एका रात्रीच्या ओव्हरटाइममध्ये, सगळ्या डिपार्टमेंटच्या मशिनी रंगवता रंगवता, तू तिच्याही सीटखाली वीतभर जागा झाकून ठेवली होतीस.

मग सरळ सांगायला काय झालं होतं, युसूफ? "प्लेटखाली आहे" म्हणायला किती वेळ लागतो? वर्षानुवर्षं मला "हाय तितंच हाय" ऐकवत राहिलास आणि मी चरफडत राहिलो. मला माहीत आहे काय झालं होतं. मी सगळ्यांसमोर ओरडलो आणि तू ठरवलंस की ह्याला आता आपण होऊन सांगायचं नाही, ह्यानेच कधी तरी उघडून बघावं. आणि तुला हेही माहीत होतं की मला उघडायचा धीर नाही. अशी कसली ही जिद्द. पेपरांवर बसून मी तुला मोठ्याने शिव्या दिल्या. बायको आतून आली, माझ्याकडे बघून तशीच परत गेली.

झाकण त्या जागेशी नेऊन धरलं. शेड बरोबर जुळते. पास. कडेचा काळा तपकिरी कुठून आणणार होतास, ते आता विचारता येणार नाही.

म्हटलं, सगळं सामान आहे, शेड आहे, आपणच सुरुवात करू. ठोकळ्याला जाडा पेपर गुंडाळला. कुठून सुरू करायचं म्हणून तिला मांडीवर आडवी घेतली, तर उजवा हात आपला आपण कडेवर जाऊन टेकला. तुझा निळा जिथे पातळ झालाय, तिथे. उन्हात नीट बघितलं. निळा गेलाय, त्याच्याखाली प्रायमरही गेलाय आणि मधे नखाएवढं लाकूड उघडं पडलंय. गुळगुळीत. अंकलच्या जागेपासून थोडं खाली, कारण माझा हात त्यांच्यापेक्षा आखूड आहे. हे माझ्या हाताने झालं होतं. तुझ्याबरोबर वाजवलेल्या गणपतींनी, लग्नांनी, आकुर्डीच्या त्या स्टेजने, तुझ्या लवकर पडणाऱ्या तिसऱ्या मात्रेने. तुझ्या नव्या रंगावर मी दात-ओठ खात वाजवत होतो आणि तो माझ्या हाताखाली जुना होत होता, आणि ते मला नाही, तुला दिसलं. तू बोट फिरवलंस आणि म्हणालास, हितं टच-अप न्हाई मारायचा कदी.

आता हे घासायचं म्हणजे तुझं जाईल तसं माझंही जाईल. पेपर ठोकळ्यावरून सोडवला आणि पिशवीत परत ठेवला, जाडा खाली, बारीक वर.

प्लेट बसवली. गॅलरीतले पेपर उचलले. रंग वाईटच आहे, युसूफ. गिटारला असला निळा शोभत नाही, हे मी मरेपर्यंत म्हणणार आणि तुझी माणसं ऐकत असतील तर त्यांच्या तोंडावर म्हणणार. फक्त ते ऐकून चवताळणारा आता कुणी नाही आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त चीड येतेय. उद्या कॅम्पातल्या माणसाला निरोप पाठवतो की थांबू नका, रंग काढायचा नाही. तो विचारील, एवढी विलायती गिटार आणि टेम्पोच्या रंगात कशाला ठेवताय? सांगेन त्याला, टेम्पोचा नाही हो. एक्स्पोर्टचा निळा आहे.